बिननांगीचा विंचू

माझ्या थोरल्या बहिणीला, द्वारकाताईला, तिच्या मुलाने आणि सुनेने फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण माणूस गेल्यावर लिहिलेल्या लेखांत लोक आधी दोन परिच्छेद साखर पेरतात आणि खरं सांगायची वेळ आली की जागा संपते. मुलाचं नाव अविनाश, सुनेचं स्मिता. अवधपुरीत राहतात, दोघंही शिकलेले आहेत, दोघांनाही मराठी वाचता येतं. वाचावं.

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात महेश्वरी साड्यांच्या दलालाशी भाव करत होते. अविनाश म्हणाला, "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." मी फोन गल्ल्यावर ठेवला आणि दलालाला म्हटलं, "हां, आगे बोलिए." तो बिचारा घाबरला. "अम्मा, बाद में कर लेंगे." मी म्हटलं, बाद में काही होत नाही, आत्ताच. सौदा मला हवा तसा पटवला, माल उतरवून घेतला, मग रिक्षात बसले. रिक्षावाल्याने तीनदा विचारलं कहाँ जाना है, आणि मला अवधपुरी हा शब्द आठवेना. तीस वर्षं ज्या घरी जातेय त्या घराचा पत्ता. शेवटी म्हटलं, चलाओ, बताती हूँ.

शेवटची आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. स्मिताने ताईच्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातली माळ काढली. कानातल्या एका फुलाची फिरकी अडकली होती, तर बोटाला साबण लावून तीही काढली. आमच्या आईकडे म्हणायचे, मेल्यावर दागिना बरोबर येत नाही, गोंदण तेवढं येतं. वर गेल्यावर विचारतात, काय आणलंस? तेव्हा बाई हात पुढे करते. ताईचा यावर पूर्ण विश्वास होता. उजवा हात पुढे करून ती शंभरदा म्हणाली असेल, "सारं उतरवून घेतील लोकं. हे कोण उतरवते, सांग मले?" त्या दिवशी तो हात मी धुतला. कोपरापासून मनगटापर्यंत नुसते पांढरे चट्टे, सांडलेल्या दुधासारखे. तुळस नाही, ठिपके नाहीत, विंचू नाही. माझी बहीण रिकाम्या हाताने गेली. मी उपमा देत नाहीये. खरोखरच रिकाम्या.

आमचं मूळ गाव वर्धेकडचं. वडील नागपूरला सरकारी कचेरीत शिपाई होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, कचेरी भोपाळला आली आणि तिच्या मागून आम्ही आलो, पण ते नंतर. मी जन्मले गावातच, आणि माझ्या जन्माच्याच दिवशी ताईचं गोंदण झालं. ती आठ वर्षांची होती. आत आई बाळंत होत होती, आणि पोरीची लुडबुड मध्ये नको म्हणून आजीने तिला बाभळीखाली गोंदणारणीपुढे बसवून दिलं. सुया एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळ. कोपराखाली तुळस झाली, मग ठिपक्यांच्या दोन ओळी झाल्या, मग मनगटावर विंचू सुरू झाला. विंचवाचे पाय झाले, शेपटी झाली, आता नांगी काढायची, तेवढ्यात आतून माझं रडणं ऐकू आलं. ताई हात सोडवून पळाली. परत आली तर गोंदणारीण आपलं धान्य घेऊन पुढच्या गावाला गेलेली. तो विंचू तसाच राहिला, बिननांगीचा. "माहा विंचू गरीब आहे," ताई म्हणायची, "त्याची नांगी बेबी घेऊन आली." बेबी म्हणजे मी. सत्तरी आली तरी तिच्यासाठी मी बेबीच होते, आणि माझं तोंड सुटलं की ती मनगट वर करून लोकांना दाखवायची, "पाहा, हिच्यापाशी आहे नांगी, हिला विचारा."

लग्न होऊन ती शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. भावजी सरकारी कारकून, चांगला माणूस, म्हणजे काहीच न बोलणारा. त्या लाइनीत निम्मी घरं आमच्यासारखी विदर्भातून आलेली, निम्मी इंदूर-ग्वाल्हेरची. पहिल्याच संक्रांतीला एका साहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं. साहेबीणबाईंनी अत्तर लावायला ताईचा हात हातात घेतला आणि ओरडल्या, "अगंबाई, हे काय? घासलं तर जातं का?" खोलीभर हशा. ताईसुद्धा हसली. मी तिच्या शेजारी होते, अकरा-बारा वर्षांची, माझे दोन्ही हात कोरे. मी गावात वाढले असते तर माझेही हात भरले असते. भोपाळात वाढले म्हणून वाचले, असं तेव्हा मला वाटलं होतं... वाटलं होतं हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पुढच्या आठवड्यात ताईने मनगटापर्यंत बाह्यांचे दोन ब्लाउज शिवले. त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं, भोपाळच्या मे महिन्यातसुद्धा, मी तिचं कोपर पाहिलं नाही.

मी साड्यांचा धंदा सुरू केला तो गाठोडं काखेत मारून, एकेका क्वार्टरचं दार वाजवून. बरोबर ताई असायची. साडी विकताना ती मोडून पदर हातावर टाकावा लागतो, तसा दाखवायला ताईसारखी दुसरी नव्हती. तिचा हात वर गेला की साध्या सुती साडीलाही किंमत यायची. पण हात वर गेला की बाही मागे सरकायची. एका घरी एका बाईने साडीकडे न बघता मनगटाकडे बघितलं आणि नाक मुरडलं. बाहेर आल्यावर मी ताईला म्हणाले, "डाव्या हाताने दाखवत जा ना, गिऱ्हाईक बिचकतं." दुसऱ्या दिवसापासून डाव्या हातावर पदर टाकायला लागली, तो कधी उजव्यासारखा पडला नाही, आणि पुढे त्या हाताला तीच सवय लागली. चहाचा कपसुद्धा डाव्याने धरायची. तेव्हा अविनाशला नावं ठेवताना मला हे माहीत आहे की सुरुवात त्याने केलेली नाही.

आता गंमत बघा. आज माझ्या दुकानात साड्या दाखवणाऱ्या मुलीच्या मानेवर पीस गोंदलेलं आहे. नवऱ्या मुली येतात, टेलरला सांगतात, भैया, पाठ मोठी ठेवा, टॅटू दिसला पाहिजे. एकीने तर शालूचा रंग खांद्यावरच्या फुलाशी जुळवून घेतला, तिची आई कौतुकाने बघत होती. त्या आईने माझ्या ताईला दारात उभं केलं नसतं, हे मी लिहून देते. तीच सुई आणि तीच काळी शाई. बाभळीखाली बसून काढलं तर खेडवळ, एसीत खुर्चीवर बसून काढलं की कला. हा भाव कोण ठरवतं ते मला कळलेलं नाही, आणि भाव कोण ठरवतं ते मला सहसा कळतं.

चार वर्षांपूर्वी अविनाशच्या मुलीचं, सईचं, लग्न ठरलं. स्थळ पुण्याचं. स्मिता दुकानात आली, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मावशी, पुण्याची मंडळी आहेत. आईंच्या हाताचं काही तरी करायला हवं."

"काय झालं हाताला?"

"ते हो... गोंदण. फुल बाह्या असल्या तरी नमस्काराला हात जोडले की मनगट दिसतंच. आता मशीनने काढतात. पाच-सहा वेळा जावं लागतं, एवढंच. पण आई ऐकत नाहीत."

ताईने तीनदा नाही म्हटलं होतं. मग अविनाश आला. "मावशी, तूच बोल. तू दगडाचासुद्धा भाव पाडतेस." आणि मी फुगले. धंद्यात मी कुणाच्या स्तुतीने कधी फसले नाही, घरात फसले. जाऊन ताईसमोर बसले आणि पूर्ण दुपार माझ्या सख्ख्या बहिणीशी घासाघीस केली. नातीचं लग्न आहे. पोरीला सासरी कुणी टोमणा मारायला नको. आता या वयात काय करायचंय मिरवून. शेवटी ताई जरा नमली. म्हणाली, तुळस काढा, ठिपके काढा, "पण विंचू राहू दे. तो आपल्या दोघींचा आहे." मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "ताई, विंचूच तर दिसतो."

तिने मग दोन अटी घातल्या. एक, हात साफ झाला की फुल बाह्या बंद, उरलेलं आयुष्य ती कोपरापर्यंतच्या बाह्या घालणार. दोन, साखरपुड्याला दारात ती उभी राहणार, समोर, येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी तिच्या हाताने शिंपडणार. हळदीकुंकवाचं ते अत्तर ती पन्नास वर्षांत विसरली नव्हती. अविनाशने तिचा तोच हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "नक्की, आई. शब्द." मी साक्षीला होते. सौदा झाला.

माझ्या धंद्यात एक नियम आहे, तो मी कोणालाही फुकट सांगते. खरं गिऱ्हाईक समोर नसेल तर भाव बोलू नये. पुण्याच्या लोकांना गोंदण चालत नाही, असं पुण्याच्या कुणी म्हटलं होतं? कुणीच नाही. सईला विचारलं होतं? तेही नाही. आम्ही तिघांनी आमच्याच मनातल्या पाहुण्यांना घाबरून एका म्हातारीची कातडी भाजायला पाठवली.

कातडीच्या डॉक्टरकडे मी दर वेळी बरोबर गेले. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ताई आडवी व्हायची. मशीन टकटक वाजायचं आणि जळक्या केसांचा वास यायचा. ती एकदाही ओरडली नाही. आठव्या वर्षी झालं तेव्हा खूप ओरडले होते, म्हणाली, तेव्हाचं पुरलं. फोड आले, खपल्या आल्या, काळं हळूहळू गेलं, पण काळ्याबरोबर ताईचा स्वतःचा रंगही गेला. सावळ्या हातावर पांढरे डाग. डॉक्टर म्हणाले, किसी-किसी की स्किन में ऐसा होता है, भर जाएगा. भरलं नाही.

साखरपुडा कोलार रोडवरच्या हॉलमध्ये होता, एप्रिलमध्ये. मी तिला माझ्या दुकानातली आमसुली साडी नेसवली आणि कोपरापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घातला. ताई सारखी कोपराकडे बघत होती, ओळख पटवून घेतल्यासारखी. दारात उभी राहिली, गुलाबदाणी उजव्या हातात. इतक्या वर्षांनी उजव्या हातात! वरपक्ष आला. ताईने पाणी शिंपडलं, लोक वाकले, हसले, आत गेले. अर्धा तास. मोजून अर्धा तास माझी बहीण तिच्या हक्काच्या जागी उभी होती.

मग मुलाची आत्या माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "राग मानू नका, पण आजींना कोड आहे का हो? म्हणजे उद्या मुलाबाळांचा प्रश्न असतो..." मी म्हणणार होते, कोड नाही बाई, गोंदण होतं, तुमच्यासाठी काढलं. माझं तोंड उघडायच्या आत अविनाश मध्ये पडला. "नाही नाही, भाजलंय. गरम तेल उडालं." आत्याबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की माझी खात्री पटली, त्या घरी जाऊन कोडच सांगणार. म्हणजे खेडवळ दिसू नये म्हणून गोंदण काढलं आणि आता घराण्यात कोड आहे म्हणून चर्चा. पाच मिनिटांत स्मिता शाल घेऊन आली. "आई, तुम्ही थकलात. जरा आत बसा." एप्रिलमध्ये शाल. गुलाबदाणीसकट ताईला आतल्या खोलीत नेलं, जिथे नारळ आणि मिठाईचे खोके ठेवले होते.

अंगठ्या घालायची वेळ झाली. हॉलमध्ये उकडत होतं म्हणून मुलाने, निखिलने, कोट काढला, बाह्या वर सरकवल्या. कोपरापासून मनगटापर्यंत उजवा हात गोंदलेला. डोंगर, झाडं, वर पक्षी. सगळा हॉल बघतोय, त्याची आई कौतुकाने सांगतेय, ट्रेकिंगचा फार नाद आहे याला. आणि अविनाश म्हणाला, मी या कानांनी ऐकलं, "वा! काय आर्टिस्टिक आहे!"

मी आत गेले. ताई खोक्यांच्या मधोमध शाल पांघरून बसली होती, गुलाबदाणी मांडीवर. तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "विंचू आहे का त्याच्या हातावर?"

"नाही. डोंगर आहे."

"मग ठीक आहे." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेबे, आयुष्यात पहिल्यांदा तुहा सौदा फसला."

मी अविनाशला पार्किंगमध्ये गाठलं. शब्द दिला होतास म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, वेळ तर बघ. नंतर बोलू." त्यानंतर दिवाळीला विचारलं, नंतर बोलू. लग्नानंतर विचारलं, "आईला काही वाटलेलं नाही, तूच उगाच ताणतेस." ताईने पुन्हा फुल बाह्या घातल्या. कुणी सांगितलं नाही, आपण होऊन. आधी होतं ते झाकायची, आता गेलं ते झाकायला लागली. दुपारी माझ्या दुकानात यायची, गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायची, बाही थोडी मागे सारून डाव्या बोटाने उजव्या हातावर रेघा काढायची. इथे तुळस, इथे ठिपके... मनगटाशी आली की बोट शेपटीपर्यंत जायचं आणि थांबायचं. पुढे नांगी नव्हतीच ना.

तेराव्याला सई पुण्याहून आली. उजव्या मनगटावर प्लास्टिकची पातळ झिल्ली गुंडाळलेली. माझ्याजवळ येऊन झिल्ली उचलली. "मावशीआजी, बघ ना. आजीचा विंचू." ताजा, काळाभोर, कडेने लाल. लहानपणी ताईच्या हातावरचे ठिपके मोजत झोपायची ती पोर. एका जुन्या फोटोवरून काढून घेतला, म्हणाली, फोटोत मनगट अर्धं कापलं गेलं होतं, ते टॅटूवाल्या दादाने पूर्ण केलं. केलंच होतं. भलीमोठी वळलेली नांगी. मागून स्मिता पाहुण्यांना सांगत होती, "किती गोड कल्पना ना? आईंची आठवण कायमची."

माझा तोल गेला. मी म्हटलं, हा ताईचा विंचू नाही. ताईच्या विंचवाला नांगी नव्हती. आणि तिचा विंचू तुझ्या साखरपुड्यासाठी जाळला, ते कुणी सांगितलं का तुला?

सईने झिल्ली परत दाबून लावली. "मम्मी तर म्हणाली होती, आजीला ॲलर्जी झाली म्हणून काढावं लागलं."

मी सगळं सांगितलं, माझ्यासकट. पाहुणे ताटं हातात घेऊन उभे. सई आईकडे वळली. "मला एकदा विचारायचं तरी! निखिलचा हात अख्खा भरलेला आहे, मम्मी. मी आजीला सगळ्यांसमोर मिरवलं असतं. मला का नाही विचारलं?" स्मिता पदराशी चाळा करत राहिली. अविनाश म्हणाला, "मावशी, आज नको. नंतर बोलू."

जाताना सईने मला विचारलं, ही नांगी काढून टाकू का, म्हणजे आजीसारखा होईल. मी म्हटलं, खबरदार. आपल्या घरात काढून झालं तेवढं पुरे. तुझा विंचू चावणारा असू दे.

या लेखाला नंतर नाही, म्हणून इथे विचारते. मी काय केलं ते मी लिहिलं: तिला डाव्या हाताने साडी दाखवायला लावली, आणि विंचू ठेवा म्हणाली तेव्हा ऐकलं नाही. हे माझं उत्तर. तुमचं मला अजून मिळालेलं नाही. आमसुली साडीवरचा तो ब्लाउज, अर्धा तास घातलेला, माझ्या दुकानात घडी करून ठेवलाय. गल्ल्याजवळचं स्टूल मी कुणाला बसायला देत नाही. दुकान सकाळी अकराला उघडतं. अविनाश, स्मिता, दोघांनी या, आळीपाळीने त्या स्टुलावर बसा आणि मला सांगा: तिने आपला हात दिला, तुम्ही तिला काय दिलंत?